विनीत सरांचा सत्कार

शेजारच्या अण्णांच्या कारखान्यातला कापूस उडून आमच्या लॅपटॉपवर बसतो. रोज पुसा, रोज बसतो! विनीत सरांचे किस्से तसेच साचलेत. लोक ऐकून हसतात. माझं मात्र अजून डोकं फिरतं.

आमची कंपनी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, अण्णांच्या चादरीच्या कारखान्याला लागून. कॉलेजातला मित्र प्रकाश आणि मी, दोघं भागीदार. आमचा डबा बसवला की घरबसल्या मोबाईलवरून शेतातली मोटर चालू-बंद होते. डबा विकायचा, बिघडला की आमच्या फिटरनं जाऊन दुरुस्त करायचा. थोडा का होईना, नफा होता. मग पुण्याहून विनीत सर पैसे गुंतवायला आले, आणि आमची अक्कल शेण खायला गेली.

*

"नफा-बिफा विसरा, आधी ग्रोथ! डबे फुकट वाटा!" सरांचा पहिला हुकूम.

मी आणि नागेश, आमचा सगळ्यात जुना फिटर, उजनीच्या काठावरच्या एका गावात गेलो. एक मामा पैशांची पिशवी घेऊनच बसले होते. म्हटलं, "मामा, आता फुकट आहे."

मामांनी पिशवी परत बगलेत मारली. "फुकट व्हय? मग नगं. बिघडल्यावर कुणाची कॉलर धरायची?"

सरांना सांगितलं, तर म्हणाले, "गावात अवेअरनेस कमी आहे." असा संताप आला म्हणून सांगू!

*

एकदा व्हिडिओ कॉलवर सरांच्या कपाळाला आठ्या. "हा कसला खडखडाट?"

"शेजारी चादरी विणतात, सर."

"थोडा वेळ बंद करायला सांगा ना."

प्रकाश म्हणाला, "ते नाही ऐकायचे, सर. त्यांना नफा कमवायचा असतो!"

*

मग सरांना नवीनच शोध लागला. "तुमचे युजर ॲपवर थांबतच नाहीत!"

अहो, मोटर चालू केल्यावर माणूस ॲपमध्ये काय मुक्कामाला राहील? पण नाही! त्यांच्या टीमनं सगळ्यांना मेसेज सोडला, "तुमची मोटर तुमची वाट बघतेय!" काठावरच्या मोटरी चोरीला जातात, हे त्या एसीतल्या शहाण्यांना कोण सांगणार? काहीतरी घडलंय म्हणून अर्धं गाव गाड्या काढून पाण्याकडे पळालं. शिव्या मी खाल्ल्या.

एक आजोबा तर म्हणाले, "ताई, वाट बघाया ती काय बायकू हाय व्हय?"

*

दोन वर्षांनी वारं फिरलं. सर गरजले, "प्रॉफिट कुठंय?"

प्रकाश म्हणाला, "होता की, सर. तुमी यायच्या आधी!"

सरांचा उपाय तयार होता. पाचही फिटर काढा, तक्रारींना चॅटबॉट लावा. मी विचारलं, "सर, मोटर बिघडली तर चॅटबॉट गाळात उतरंल का?" त्यावर सरांनी घड्याळ बघितलं.

नागेशनं दारातून सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी जेवणाचा डबा धुताना म्हणाला, "मॅडम, उद्या येऊ का नगं?" सरांसाठी शिव्या ओठावर आल्या, पण त्याला काय सांगणार? म्हटलं, "ये."

*

शेवटची मीटिंग आमच्याच शेडमध्ये झाली. सर म्हणाले, "फिटर ठेवणार असाल तर पुढचे पैसे विसरा. मी बोर्डातूनही बाहेर पडतो."

प्रकाश उठला आणि बाहेर गेला. पाचही फिटर तिथंच उभे होते. मला वाटलं, झालं, आता हा त्यांना घरी जायला सांगणार. डोळे भरून आले, आणि त्याचा रागही आला.

प्रकाश परत आला तो अण्णांकडची कोरी चादर घेऊन. मागून अण्णा, त्यांच्यामागून पाचही फिटर.

त्यानं चादर उलगडून सरांच्या खांद्यावर टाकली. हात जोडून म्हणाला, "सर, वेळात वेळ काढून आलात, आभारी आहोत. पुढच्या वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा!"

टाळ्या मात्र अण्णांनी सुरू केल्या. सर गोंधळले, मग हसले, फोटोही काढून घेतला. नागेशनंच त्यांना स्टेशनवर सोडलं.

रात्री सरांची पोस्ट आली. चादरीतला फोटो, खाली ओळ, "सत्कार करावा तर सोलापूरकरांनी!"

पहिला लाईक नागेशचा होता.