मास्तरांची रेघ

दोरी मी सोडली. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे ही गोष्ट सांगताना निम्मे लोक ‘दोरी सुटली’ असं म्हणतात आणि ते माझ्यावर उपकार म्हणून म्हणतात. दोरी सुटली नाही. मी धक्क्यावर उकिडवा बसलो, दातांनी गाठ सैल केली, दोन्ही हातांनी सोडली आणि काम चोख झालं म्हणून पँटला हात पुसले. धक्क्याच्या खुंटाला दोन दोऱ्या होत्या. एकीच्या टोकाला होडी, दुसरीच्या टोकाला मास्तरांचा मासा. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही सारख्या जाडीच्या, कारण एकाच दोरीचे ते दोन तुकडे आदल्या दिवशी मीच केले होते. होडी जागची हलली नाही. दोरी मात्र सर्रकन पाण्यात गेली, आणि तिच्या पुढे एक लांबलचक सावली वळून तळ्याच्या मध्याकडे निघाली. जाताना तिनं घाईसुद्धा केली नाही.

मास्तर म्हणजे माझे भाऊजी, थोरल्या ताईचे यजमान. धंदा शिंपीकामाचा. गल्लीच्या तोंडाशी दुकान. आत दोन शिलाई मशीन, कापायचं एक लांब टेबल, काचेत बिनमुंडक्याचा पुतळा आणि त्या पुतळ्याइतकंच बोलणारे मास्तर. त्यात त्यांचा दोष नाही. तीस वर्षं तोंडात टाचण्या धरून काम केलेला माणूस लांब वाक्यं बोलेल कशाला? गिऱ्हाईक उंबरा ओलांडेपर्यंत त्यांनी नजरेनं त्याचं माप घेतलेलं असतं. टेप लावतात तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. माझ्या लग्नाचा कोट त्यांनी, मी समोरच्या स्टॉपवर बसची वाट बघत उभा असताना, दुकानातून बघून कापला. अंगावर असा बसला की सासरची माणसं माझ्याऐवजी कोटाकडेच बघत होती. लग्नानंतर वर्षभरानं मास्तरांनी मला एकदा आपादमस्तक न्याहाळलं आणि “दीड इंच” म्हणून मशीनकडे वळले. घरी जाऊन मी गुपचूप पोट मोजलं. दीड इंचच.

अशा माणसाला एकच नाद, गळ टाकून बसायचा. वसंत लागला, आमच्या या थंड मुलखात उत्तरेकडच्या मोठ्या तळ्यावरचा बर्फ वितळला की मास्तर, पोस्टमन आणि कंपाउंडर हे तिघं मित्र एका रविवारी पहाटे निघतात. ताईची अट इतकीच की टेप घरी राहील. “सुट्टीच्या दिवशी तरी गळा मोकळा ठेवा,” असं ती म्हणते. यंदा तिनं आणखी एक अट घातली, ती म्हणजे मी. “घरात बसून माझं डोकं खातोय. घेऊन जा त्याला.” मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि बायकोच्या भावाला नाही म्हणता येत नाही म्हणून गाडीचं मागचं दार उघडलं.

तळ्याकाठी होड्या भाड्यानं देणाऱ्या आजोबांची लाकडी खोली आहे. आत वल्ही, डांबराचा डबा, तीन पायांची खुर्ची आणि भिंतीला टेकून एक रुंद फळी. तळ्यात पकडलेला मासा आजोबांच्या देखत त्या फळीवर आडवा ठेवायचा आणि तो आधीच्या सगळ्यांपेक्षा लांब भरला तर शेपटीशी रेघ मारून खाली नाव लिहायचं. रेघ मारायचं काम पहिल्यापासून मास्तरांकडे, कारण शिंप्याइतकी सरळ रेघ कुणाची येणार? खिशातल्या खडूनं ते रेघ मारतात, आजोबा चाकूनं ती कोरतात. अठरा वर्षांत मास्तरांनी सहा रेघा मारल्या. सहाही दुसऱ्यांच्या. सगळ्यात पुढची, एकवीस इंचांवरची, कंपाउंडरची. तिला अकरा वर्षं झाली, पण खोकल्याची बाटली बांधून देतानाही तो गिऱ्हाइकाला तिच्याबद्दल सांगतो.

मास्तर यावर कधी काही बोलले नाहीत. पण त्यांच्या कापायच्या टेबलाच्या कडेला पेन्सिलची एक बारीक खूण आहे. ही कशाची म्हणून मी एकदा विचारलं, तर मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. ताईनं मला आत बोलावलं आणि हळूच सांगितलं, “कंपाउंडरची आहे. त्यांना विचारत जाऊ नकोस.” कापड कापताना रोज अकरा वर्षं ती खूण त्यांच्या पोटाला टोचत होती.

आणि त्या रविवारी सकाळी सात वाजता मास्तरांच्या गळाच्या काठीनं कंबर वाकवली. पंधरा मिनिटं झटापट चालली. मग होडीत ठिपक्याठिपक्यांचा, चंदेरी पोटाचा असा काही मासा येऊन पडला की पोस्टमनच्या हातातलं उकडलेलं अंडं पाण्यात गेलं.

कंपाउंडरनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. “गेली,” तो म्हणाला. “माझी रेघ गेली.”

“अकरा वर्षं ऐकतोय तिच्याबद्दल,” पोस्टमन म्हणाला. “आता आमचे कान तरी सुटतील.”

मास्तर माशाकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. माझ्या पोटाकडे पाहिलं होतं तसंच.

होडी आणि वल्ही आजोबा आदल्या रात्रीच धक्क्याला ठेवतात, पण नऊशिवाय खोली उघडत नाहीत. तोवर मासा ताजा राहावा म्हणून मास्तरांनी त्याच्या कल्ल्यातून दोरी ओवली, त्याला धक्क्यापाशी पाण्यात सोडलं आणि खुंटाला गाठ मारली. आम्ही चहा प्यालो. मग कंपाउंडर म्हणाला, “नऊपर्यंत अजून एक फेरी होईल. मेहुणेबुवा, जरा होडी सोडा.”

पुढचं सांगितलंच आहे.

सगळ्यात आधी पोस्टमनला कंठ फुटला. “तीस वर्षं हजारो पत्रं वाटतोय,” तो म्हणाला, “पण इतक्या पक्क्या चुकीच्या पत्त्यावर एक गेलं नाही.”

“मला वाटलं, होडीची आहे,” मी म्हणालो.

“होडी तिथं उभी आहे, बघा. मोठी आहे. लाकडाची आहे.”

मास्तरांनी पाण्याकडे बघून उरलेला चहा संपवला. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

नऊ वाजता आम्ही चौघं मयताला निघाल्यासारखे आजोबांच्या खोलीवर गेलो. कंपाउंडरनंच सगळं सांगितलं, आणि मान्य केलं पाहिजे, माणूस दिलदार निघाला. “आजोबा, मी स्वतः सांगतो. माझ्यापेक्षा मोठा होता. मास्तरांची रेघ मारा.”

“मीपण पाहिला,” पोस्टमन म्हणाला.

आजोबांनी हनुवटी खाजवली. “मासा हवा असा नियम आहे. पण मास्तरांची नजर म्हणजे टेपच. त्यांनी सांगावं कुठं, मी कोरतो.”

मास्तर फळीसमोर उभे राहिले. खिशातून खडू काढला. एकवीस इंचांच्या रेघेच्या पुढं फळी कोरी होती. तिच्याकडे त्यांनी डोळे भरून पाहिलं. मग खडू परत खिशात टाकला.

“मासा नाही, रेघ नाही,” ते म्हणाले आणि बाहेर पडले.

“याला म्हणतात माणूस,” आजोबा म्हणाले. मग तिघांनीही वळून माझ्याकडे असं पाहिलं की मी आपणहून वल्ही उचलली.

संध्याकाळपर्यंत वल्ही माझ्याकडेच होती. तळहाताला फोड आले. भांडी मी घासली, आमिषाचा डबा मी धुतला, गाडीत सामान मी चढवलं. मास्तर होडीत टेकून, टोपी नाकावर ओढून निवांत पडले होते. मधून मधून टोपीखालून “डावीकडे” किंवा “जरा जोरात” असा आवाज येई, आणि मी निमूटपणे डावीकडे, जरा जोरात वल्हवी. तीन बोटभर मासोळ्या मिळाल्या, त्या त्यांनी परत पाण्यात सोडल्या. मला न विचारता.

परतताना पोस्टमन आणि कंपाउंडर आपापल्या दाराशी उतरले. जाता जाता कंपाउंडरनं मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. आम्ही दोघंच उरलो तसा माझा धीर सुटला.

“भाऊजी,” मी म्हणालो, “अठरा वर्षांनी एकदा योग आला होता. माझ्यामुळे तुमची रेघ गेली. मला जन्मभर विसरता येणार नाही.”

मास्तरांनी गाडी घराशी उभी केली, किल्ली फिरवली आणि माझ्या हातांवरच्या फोडांकडे एकदा नजर टाकली.

“अर्धा इंच कमी होता.”