कातेंबोचा झाडू

ओकापीच्या कुंपणात झाडू मारता मारता केस पिकलेला माणूस म्हणजे आमचा कातेंबो. पायांवर पांढरे पट्टे असलेलं हे लाजाळू जनावर आमच्या इतुरीच्या रानाबाहेर सहसा सापडत नाही. मी पाला तोडून आणायचो, तो फांद्या उंच टांगायचा. खाली पडलेलं पान जनावराच्या तोंडी लागू द्यायचा नाही. पूर्वी तो असा नव्हता. झाडूला टेकून मस्त गप्पा छाटायचा.

मग तुलियाचं, म्हणजे आमच्या ओकापीच्या मादीचं, पहिलं पिल्लू गेलं. पोट चिरलं तर आतड्यात जंतांचे गुंतेच्या गुंते. ते पिल्लू आईच्या लेंड्या चाटायचं आणि कातेंबो कौतुकाने हसत बघायचा. त्या दिवसापासून त्याचं हसणंच गेलं.

यंदा तुलिया पुन्हा व्यायली. लेंडी जमिनीला टेकते न टेकते तोच हा गडी झाडू घेऊन हजर. त्याची बायको कान्येरे डबा घेऊन यायची आणि तोंडसुख घ्यायची. "अहो, घरी कोंबड्या चुलीपाशी घाण करतात, ती नाही दिसत! इथे मात्र राणीचं न्हाणीघर!" तो डबा तसाच ठेवून आत जायचा.

पण पाला कुरतडायला लागल्यावर पिल्लू सुकत चाललं. पोट तेवढं नगाऱ्यासारखं फुगलेलं. ओकापीचं पिल्लू जन्मल्यावर महिना-दीड महिना लेंडीच टाकत नाही, मग तपासायचं तरी काय?

"जंतच," कातेंबो म्हणाला. "एखादी लेंडी माझ्या नजरेतून सुटली."

डॉक्टर अफोयोबाईंनी कपाळाला हात लावला. "एकही सुटली नाही, कातेंबोदादा, तेच दुखणं आहे! ज्वारीचं पीठ घातल्याशिवाय केळ्यांची दारू फसफसते का? तसंच हे. पाला आंबवून जिरवणारं विरजण आईच्या लेंडीत असतं, ती खाल्ली तरच याच्या पोटात पाला जिरेल."

"खाल्ली म्हणूनच पहिलं गेलं, बाई."

"तेव्हा आईच्या पोटात जंत होते. आता तिला औषध दिलंय. लेंडी तपासली, काही दिसलं नाही."

"जंत नाहीत म्हणा ना. 'दिसलं नाही' काय?"

तसं छातीठोक म्हणायला बाई तयार होईनात. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नाही. त्या दिवशी बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटलं.

"आण तो झाडू," मी म्हटलं. "मी टाकतो दोन लेंड्या त्याच्यापुढे. तू घरी जा."

त्याने झाडू दिला नाही. पिल्लू कोपऱ्यात पाय दुमडून पडलं होतं, मान उचलेना. तेवढ्यात तुलियाने लेंड्या टाकल्या. सवयीने झाडू पुढे झाला आणि मध्येच थांबला. मग कातेंबोने तो कुंपणाबाहेर भिरकावला, ताज्या लेंड्या तळहातावर घेतल्या आणि पिल्लाच्या तोंडाशी धरल्या. बऱ्याच वेळाने त्या लांब काळ्या जिभेने हात चाटायला सुरुवात केली.

"खा, पोरा," तो म्हणाला. "पण मेलास, तर मला ठाऊक नव्हतं असं या वेळी म्हणता येणार नाही."