कोलम नसलेलं दार

६ जानेवारी. गच्चीवरची पाण्याची टाकी घासायची होती. बोअरच्या पाण्याचे क्षार तळाशी बसतात आणि नळातून पिवळट खपल्या येऊ लागतात. हे काम नवऱ्याचं. हे डिसेंबरात गेले, म्हणून ओढणी कमरेला बांधून मीच शिडी चढले.

ह्यांना 'सार', म्हणजे सर, म्हणणाऱ्या शेजारणीची खालून हाक आली. "अक्का, तुम्ही कशाला चढलात? सारना सांगा की! का अजून भावाकडेच मुक्काम?"

"तिकडेच आहेत," मी म्हणाले आणि ब्रश उचलला.

गावात कोणालाच ठाऊक नव्हतं.

हे रेल्वेतून निवृत्त झाल्यावर शहरातला, वेस्ट मांबलमचा फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही ओरगडमच्या पुढच्या या गावात आलो. हौस ह्यांची. मला विम्याचे दावे तपासायचे असतात; लॅपटॉप आणि नेट असलं की झालं. भल्या सकाळी हेडफोन कानाला लागतो. त्याच वेळी इथे प्रत्येक बाई दारात सडा घालून तांदळाच्या पिठाचं कोलम काढते. मांबलमला वॉचमनची बायको सगळ्या इमारतीसाठी एकच रांगोळी काढायची, त्यामुळे मला कधी वाकावं लागलं नाही.

पहिल्याच आठवड्यात शेजारीण म्हणाली, "अक्का, दार असं कोरं ठेवू नये. घरात कोणी गेलं तरच ठेवतात."

"माझी मीटिंग असते."

ती गल्लीभर सांगत सुटली, "मराठी अक्काच्या घरी रोज सुतक! ऑफिस मरत असेल!" पुढे सगळ्यांना सवय झाली.

एका रात्री ह्यांच्या छातीत कळ आली तेव्हा गाडी मीच चालवत तांबरमला नेली. दवाखान्यात पोचण्याआधीच संपलं होतं. दिवस शहरात, दिरांकडे केले. परतले ती एकटीच. दार कोरं होतं, पण ते नेहमीच कोरं असायचं. टिकली मी काढली नव्हती, मंगळसूत्र एरवीही घालत नव्हते. कोणाला काय कळणार? ऑफिसला एका ओळीत कळवलं, जोडलेल्या हातांची चित्रं आली. इथे मात्र तोंडाने सांगावं लागणार होतं. ते मी टाळत गेले; कोणी विचारलं की 'भावाकडे आहेत' म्हणायचे. बाकी सगळ्यांना कळलं होतं; 'सार कधी येणार' असं विचारणारं या गल्लीशिवाय दुसरं कोणी उरलं नव्हतं.

टाकीतला गाळ उपसत होते तेवढ्यात ती पुन्हा ओरडली, "सारनी मागितलेली शेवग्याची फांदी आणून ठेवलीय. लवकर लावायला सांगा, वाळून जाईल!"

मी गच्चीवरूनच म्हणाले, "सार वारले. गेल्या महिन्यात."

तिने कपाळाला हात लावला. मग भडकलीच. "भिंतीला भिंत लागून राहतो आपण! मार्गळीचा महिना लागला म्हणून मी दारात रोज एवढाली कोलमं काढतेय, वर तुम्हाला चिडवतेय. आणि तुम्ही तोंड मिटून आत? अशी राहतात का माणसं, अक्का?"

मी टाकी धुऊन संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या बायका आल्या. कोणाच्याही केसांत फूल नव्हतं. मी व्हिडिओवर होते, साहेब बोलत होते. मी दारातून हाताने खूण केली, पाच मिनिटं. त्या पायरीवर बसल्या. मीटिंग लांबली. मी बाहेर आले तेव्हा पायरीवर कोणी नव्हतं. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, आपल्यातही आणि त्यांच्यातही. त्यामुळे त्या रीत म्हणून न बोलता गेल्या की रागावून, हे कळायला मार्ग नव्हता. शेजारणीच्या दाराला आतून कडी होती. दोनदा हाक मारली. मग घरी आले, हेडफोन लावला आणि पुढचा दावा उघडला.