वाळलेल्या गवताची तूट

आमच्या घरात लक्ष्मीपूजनाला आरतीनंतर एक गोष्ट सांगितली जाते, आणि ती ऐकली की माझं डोकं फिरतं. पणजोबा इंग्रज सरकारला पलटणीच्या घोड्यांसाठी गवत पुरवत. सातपुड्यातलं गवत कापून आणायचं, गठ्ठे बांधायचे, नंदुरबार स्टेशनवर वजन करून वॅगनमध्ये भरायचे. हिशेबाच्या वेळी साहेब म्हणायचा, वाटेत गवत वाळलं, वजन घटलं. तूट कापून पैसे मिळत. गवत आधीच वाळलेलं असे, हे सांगताना काकांचा आवाज अजून चढतो. सरकारकडे आपलं येणं बाकी आहे, असं ते छाती काढून सांगतात.

याच काकांच्या दुकानात मी उन्हाळ्यात गल्ल्यावर बसले होते. सातपुड्यातल्या धडगावकडची एक बाई मोहाची फुलं विकायला घेऊन आली. तिने आधी समोरच्या दुकानात पत्र्याच्या पेटीचा भाव विचारला होता. मुलगी वसतिगृहात जाणार होती, तिला कुलूप लागेल अशी मोठी पेटी हवी होती. काकांनी फुलं तोलली आणि वजनातून तूट कापली.

"हाई ते वाळेलच शे," बाई म्हणाली. "आखो कितलं वाळी?"

"माल पडी ऱ्हास, वाळी जास. तूट ते कापनी पडस," काका म्हणाले.

माझं रक्त उसळलं. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "काका, साहेबनी हाईच करं ना? त्याले तुमी चोर म्हंतस."

"ते सरकार व्हतं. हाऊ धंदा शे. तू गप बैस."

मी गप्प बसले नाही, पण तराजू काकांच्या हातात होता. बाईने पैसे मोजले, समोर गेली आणि लहान पेटी घेऊन निघाली. त्या पेटीला कडीसुद्धा धड नव्हती. मला काकांचा संताप आला, आणि त्यांचंच अन्न खाते म्हणून स्वतःचाही.

दिवाळीला काकांनी पुन्हा तीच गोष्ट लावली. येणं बाकी आहे म्हणेपर्यंत मी दम धरला. मग विचारलं, "काका, त्या तूटमा आपला कितला तोटा व्हयना?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. काका हसले. मी भोळी आहे असं त्यांना वाटलं असावं.

"आपला कसाले व्हई? गवत कापनारास्नी मजुरीमाईन काढी लिन्हा."

हातातले लाह्या-बत्तासे मी ताटात परत टाकले. ज्यांच्या मजुरीतून ती तूट कापली, ती गवत कापणारी माणसं धडगावकडूनच येत.