मजरूबी चिठ्ठी

लखनऊच्या शाळेतली ती नोकरी मी अकरा वर्षं केली. निशातगंजमधली मुलींची शाळा, माझ्याकडे सहावी-सातवीचं गणित. नवरा इथल्या संशोधन संस्थेत होता म्हणून नागपूर सोडून आम्ही इकडे आलो. आज त्या शाळेच्या फाटकावरून जायची वेळ आली तर मी रिक्षावाल्याला दुसऱ्या गल्लीने न्यायला सांगते.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मे महिन्यात सहावीतली एक मुलगी पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून वर्गात बसायला लागली. बाहेर लू, म्हणजे भाजणारा गरम वारा, चाललेली, वर्गातले पंखे बंद. दोन दिवस मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिला आजारी मुलींच्या खोलीत नेलं आणि बाही वर कर म्हटलं. दुहेरी केलेल्या वायरचे वळ खांद्यापर्यंत गेले होते. काही जुने, काही त्याच आठवड्यातले.

"किसने?"

"पापा ने," ती म्हणाली. आई वारली होती. वडील अमौसीला विमानतळावर नोकरीला होते. घरात तिसरं कोणी नव्हतं.

मी तिला म्हटलं, "बस एक बार और बताना पड़ेगा. फिर कोई नहीं पूछेगा." मुलांच्या संरक्षणाचा नवा कायदा नुकताच आला होता आणि त्यावरच्या व्याख्यानाला शाळेने मलाच पाठवलं होतं. तिथे भिंतीवर एक तक्ता लावला होता. शाळा, पोलीस, दवाखाना, बालकल्याण समिती, आणि सगळ्यांना जोडणारे बाण. त्या बाणांवर माझा विश्वास बसला होता.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पहले गार्जियन को बुलाइए."

"मारनेवाला वही है."

"तो भी. स्कूल का नाम आएगा, आप समझती नहीं."

मी तिला घेऊन सरळ ठाण्यात गेले. तिथल्या दीवानजीने, म्हणजे मुख्य हवालदाराने, पान चघळत तिच्याकडून सगळं ऐकून घेतलं आणि कागदाला हातही न लावता म्हणाला, "घरेलू मामला है. कमेटी से लिखवा लाइए." आम्ही समितीच्या कार्यालयात गेलो. टेबलापलीकडच्या सदस्य बाईंनी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं आणि मग विचारलं, "मेडिकल कहाँ है?" दवाखान्यात तिने तिसऱ्यांदा सांगितलं. तिथल्या डॉक्टरांना आधी ठाण्याची मजरूबी चिठ्ठी हवी होती. ती असल्याशिवाय जखमा तपासून नोंद करता येत नाही म्हणे. चिठ्ठी देणार दीवानजी, आणि दीवानजीला हवं होतं समितीचं पत्र.

पुन्हा ठाण्यात आलो तेव्हा तीन वाजले होते. तिने सकाळपासून एकच बिस्किट खाल्लं होतं. दीवानजीने तिला चौथ्यांदा सगळं सांगायला लावलं तेव्हा ती माझ्याकडे बघायला लागली. 

तेवढ्यात तिचे वडील आले. मुख्याध्यापिकांनी त्यांना फोन केला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं अगदी मऊ. "मैडम मेरी बच्ची को बिना पूछे उठा लाई हैं." त्यावर मात्र दीवानजीने लगेच रजिस्टर उघडलं. त्या दिवशी त्या ठाण्यात लिहिली गेलेली एकमेव तक्रार माझ्याविरुद्ध होती. मग त्याने वडिलांसमोरच मुलीला विचारलं, "बेटा, क्या हुआ था?"

"गिर गई थी," ती म्हणाली.

पाच वाजता ती वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून घरी गेली. मी ठाण्याच्या पायरीवर उभी राहून बघितलं. हे मी होऊ दिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. शाळेने माझ्यापुढे तिच्या वडिलांच्या नावे माफीनाम्याचा मसुदा ठेवला. मी सही करत नाही म्हटल्यावर शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. घरी नवरा म्हणाला, "आपण इथे परके आहोत. कशाला अंगावर ओढून घेतेस?" आणि माझी लेक, तिच्याच वयाची, ताटावरून मान वर न करता बोलली, "मम्मी ने ठीक किया, बाबा." मला त्या दोघांचाही राग आला. मी ठीक केलंच नव्हतं.

मी हजेरीची जुनी रजिस्टरं काढली. नोव्हेंबरच्या पानावर तिच्या नावापुढे शेरा होता, 'हात फ्रॅक्चर, जिन्यावरून पडली.' अक्षर माझं. तेव्हा मी विचारलं होतं आणि जे सांगितलं ते लिहून मोकळी झाले होते.

पानाची झेरॉक्स घेऊन मी त्याच दवाखान्यात गेले. नोव्हेंबरात तिच्या हाताला प्लास्टर घालणारे डॉक्टर म्हातारे, तुसडे. त्यांनी मला उभंच ठेवलं, पण आपली फाईल उघडली. "मैंने तभी थाने को लिखा था," म्हणाले. पडून असा हात मोडत नाही, असं पत्र त्यांनी पाठवलं होतं. त्यांच्याकडच्या प्रतीवर ठाण्याचा पोचशिक्का होता. म्हणजे शाळेला माहीत होतं, दवाखान्याला माहीत होतं, ठाण्यालाही माहीत होतं. सहा महिने.

दोन्ही कागद मी समितीच्या टेबलावर ठेवले. बाई म्हणाल्या, "आप हमें काम सिखाएँगी?"

"आज नहीं गईं तो ये दोनों काग़ज़ लेकर कचहरी जाऊँगी."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मला चालली. त्यांनी ठाणेदाराला फोन लावला आणि तासाभरात पोलीस आणि समिती एकाच गाडीतून तिच्या घरी गेले. एवढंच करायचं होतं. तो नववा दिवस होता. मुलीच्या खांद्याचं हाड मोडलेलं निघालं, आणि ते त्या नऊ दिवसांतच मोडलं होतं.

वडिलांना अटक झाली. तिला कानपूरच्या मावशीकडे द्यायचं ठरलं. त्या दिवशी समितीच्या दाराबाहेर मी तिच्याजवळ गेले, तर ती मावशीच्या मागे सरकली. "इनसे बात नहीं करनी," म्हणाली. मावशी ओशाळली, मला काही समजावायला लागली. मी म्हटलं, राहू द्या.

पुढच्या सत्रात शाळेने मला घेतलं नाही.

काही वर्षांनी खात्यांमधल्या समन्वयावर एक कार्यशाळा झाली आणि दुसऱ्या शाळेतली शिक्षिका म्हणून मलाही बोलावणं आलं. त्याच समितीच्या बाई मंचावर होत्या. उत्तम सहकार्याचं उदाहरण म्हणून त्यांनी हीच केस सांगितली. मी उभी राहिले आणि नऊ दिवस एकेक करून सांगितले. माईक बंद केला, तर तशीच बोलले.

"बच्ची बच तो गई ना, मैडम," बाई म्हणाल्या.

"हड्डी टूटने के बाद," मी म्हटलं आणि बाहेर पडले.

मावशी कधीतरी फोन करते. मुलगी आता कॉलेजात आहे, हिशेबात हुशार आहे म्हणते. माझ्याबद्दल ती कधी विचारत नाही. मावशीला त्याचं वाईट वाटतं, मला वाटत नाही. तिने विचारावं असं मी तिच्यासाठी वेळेवर काही केलेलं नाही.