घर सामोरं आलं

बनशंकरीतल्या गोजराबाईंना सगळी गल्ली गोजराक्का म्हणते. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं, त्यामुळं मराठी निम्मी कन्नडच्या फोडणीची. पण रीत मोडतील तर शपथ. पाहुण्यानं दाराशी येऊन घंटी वाजवायची म्हणजे त्यांना नामुष्की वाटते. आपण चार पावलं सामोरं जायचं अन् मानानं घेऊन यायचं. एकदा तर गॅसची टाकी आणणाऱ्यालाच कोपऱ्यावरून "या, या" करत घरात आणलं. तो बिचारा शेजारच्या घरी निघाला होता!

तर गोष्ट त्यांच्या भाचीची, संयोगिताची. संगणकाच्या कंपनीत नोकरी, अन् स्थळं बघून बघून वैतागलेली. हे एवढं शेवटचं, पुन्हा विषय काढायचा नाही, असं तिनं आत्याकडून कबूल करून घेतलेलं. आत्या शब्दाला जागणारी, म्हणून तर हे स्थळ जमावं यासाठी तिची धडपड. मुलगा विराट मारतहळ्ळीत नोकरीला. मुलगी बघायला निघाला तेव्हा बरोबर त्याचे काका फत्तेसिंग, कराडहून मुद्दाम आलेले, भारी मानी माणूस, संध्याकाळच्या बसनं परतायचे.

विराटनं फोनवर लोकेशन मागितलं. गोजराक्कांनी भाचीनं शिकवलेलं आठवून बटण दाबलं. दाबलं ते लाइव्ह लोकेशनचं. म्हणजे ठिपका घराचा नाही, त्यांच्या फोनचा. अन् फोन कमरेला खोचून बाई निघाल्या पाहुण्यांना सामोऱ्या.

मग काय विचारता! गाडी देवळाकडून आली, तर बाई बाजाराच्या तोंडाशी. गाडी बाजाराकडं वळली, तोवर कुणीतरी सांगितलं की परगावचे लोक देवळापाशी पत्ता विचारत होते. बाई तिकडं पळाल्या. शेवटी काकांचा फोन आला.

"गोजराबाई, तुमचं घर एका जागी उभं राहतं का नाही?"

"घर जागच्या जागीच हाय की अण्णा. मीच तुम्हाला सामोरी निघालेय. स्वल्प थांबा."

काका थांबणारे नव्हते. इतकी वाट चुकली म्हणजे देवाच्या मनात नाही, गाडी बसस्टँडला घे, असं त्यांनी विराटला बजावलं. विराट म्हणाला, एवढी एक गल्ली बघू.

इकडं आत्याचं लोकेशन संयोगितालाही कायम दिसायचं; तिच्या फोनवर आत्याचा ठिपका देवळाला प्रदक्षिणा घालत होता. तिला वाटलं, आत्याला चक्कर-बिक्कर आली की काय. घरच्या साध्या कपड्यात, केस वर बांधून, तिनं स्कूटर काढली. शहाळ्याच्या गाडीजवळ एक मोटार उभी, अन् आतला तरुण फोनकडं बघून कपाळ चोळतोय. तिनं काचेवर टकटक केलं.

"इकडून एक जांभळ्या लुगड्यातली बाई गेली का हो?"

"आम्ही तिच्याच मागं आहोत," विराट म्हणाला. "घर समजून."

दोघांना हसू आवरेना. तुम्ही पळू नका, नाहीतर ती अजून पळेल, असं संयोगितानं सांगितलं. मग शहाळी फुटली. काका मोटारीतच मान वळवून बसलेले.

गोजराक्का धापा टाकत आल्या तेव्हा दोघं स्कूटरला टेकून बोलत होती. शहाळी केव्हाच रिकामी, नळ्या तशाच तोंडात. संयोगिता कुठल्याशा स्थळाची नक्कल करून दाखवत होती. बाई जागच्या जागी थबकल्या. मग पाऊल न वाजवता मोटारीपाशी गेल्या अन् काकांना खुणेनं बाहेर बोलावलं. काका भांडायच्या तयारीनं उतरले, पण बाईंनी पदराआडून बोट दाखवलं तशी त्यांनी तिकडं पाहिलं अन् मुकाट्यानं बाईंच्या मागं घराकडं चालू लागले.

घरी काफी झाली. पोरांचा पत्ता नाही. काफी पुन्हा झाली. बसची वेळ टळली. विराट कुठवर आला ते बघायला काकांनी फोन काढला, तशी गोजराक्कांनी त्यांच्या हातात कडबोळ्यासारख्या कोडबळ्यांची ताटली ठेवली.

"राहू द्या की अण्णा. चुकल्यात वाट, तर चुकू द्या स्वल्प."