सायकल माझी, गोष्ट रामदासची

मंडळी, आज दुपारी नातीला घेऊन जैनथला एका बारशाला गेलो होतो. तिथं माझा शाळेतला दोस्त रामदास पोरांना घेऊन बसला आन् त्यानं ती गोष्ट पुन्हा काढली.

१९८९ साली आमी दोघं इचोड्याकडच्या जुन्या जंगलात फिरायला गेलो होतो. सायकल माझी, पायडल मारणारा मी, रामदास मागं कॅरिअरवर. एका भल्यामोठ्या मोहाच्या झाडाजवळ चाक पंक्चर झालं. रामदास सावलीत बसला. मी सायकल ढकलत सडकेवर दुकान शोधायला गेलो.

तेवढ्यात तिथं एक गोंड म्हातारा आला. राजाचे शिपाई आले तवा त्या झाडानं फांद्या वाकवून अख्खं गाव कसं लपवलं, ते त्यानं रामदासला सांगितलं. मी परतलो तं म्हातारा निघून गेला होता.

तवापासून रामदास ही गोष्ट सांगून राह्यला. आज तं त्यात वाघही आला! माझीच नात त्याच्या मांडीवर बसून "मंग? मंग?" करत होती. मधीच माझ्याकडं वळून म्हणते, "आजोबा, तुमी तवा कुठं होते?"

"पंक्चर काढून राह्यलो होतो."

सारे हसले. सांगा, जळू नको तं काय करू?

रामदास मोबाईल वापरत नाही, म्हणून इथं सांगतो. त्या पंक्चरनंतरच्या वर्षांत तीनदा मी एकटाच त्या झाडाखाली जाऊन बसलो. तिसऱ्या खेपेला तं चाकाची हवा माझ्या हातानंच सोडली. तरी कोणी आलं नाही.